जोड्या गाळल्यावर

११ फेब्रुवारी

दादा,

मेल तू उघडत नाहीस, फोनवर माझा नंबर दिसला की कापतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद फेकायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तू कसा आहेस हे विचारत नाही. दर रविवारी तू बाबांशी बोलतोस आणि फोन ठेवला की ते मला सगळं सांगतात. तुझं नवं घर, नवी लॅब, नवं यंत्र. ‘छोटी काय म्हणते’ एवढंही तू विचारत नाहीस. बाबा मात्र मला सांगतात की विचारलंस. त्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

माझा एकच प्रश्न आहे. आपल्या पेपरातल्या दोन वाट्यांच्या पेशी पकडताना तू गेट नेमकं कुठे आखलं होतंस? पेपरात जसं छापलंय तसंच आम्ही आखतो. आत काही येत नाही.

आता तू मोठा माणूस झालास, जुनं विसरला असशील, म्हणून पाढा वाचते. उंदराच्या वृषणातल्या पेशी सुट्या करायच्या, त्यांना डीएनएला चिकटणारा रंग द्यायचा, आणि बारीक धारेतून एकेक करून लेसरसमोरून सोडायच्या. जितका डीएनए जास्त तितकी पेशी उजळ. पडद्यावर प्रत्येकीचा एक ठिपका पडतो, हव्या त्या ठिपक्यांभोवती आपण रेघ मारतो, तेच गेट. त्या रेघेच्या आतल्या पेशी यंत्र वेगळ्या नळीत टाकतं. शुक्राणू घडवायला निघालेल्या पेशीत डीएनएचे चार वाटे असतात. ती एकदा विभागली की दोन-दोन, पुन्हा विभागली की एकेक. एका वाट्याच्या गोल पेशीला पुढे शेपूट फुटतं. मधली दोन वाट्यांची पेशी जेमतेम काही तास जगते, म्हणून ती कुणाच्याच हाती नीट लागत नव्हती. आपल्या लागली. नळी भरून लागली. त्यावर पेपर झाला आणि त्या पेपरावर तुझी नोकरी.

मी उंदीर कापायची, पेशी सुट्या करायची, गाळायची आणि नळी तुझ्या हातात द्यायची. पुढे यंत्र तुझं, सूक्ष्मदर्शक तुझा. मला यंत्राच्या खोलीत बसू द्यायचास, पण बटणांना हात लावू द्यायचा नाहीस. ‘छोटे, तुझे हात कायम ओले.’ ओले असणारच, सगळं धुणं-पुसणं माझ्याकडे होतं.

तर आता त्या पेशी मुंगीला मिळत नाहीयेत. मुंगी म्हणजे माझी संशोधक विद्यार्थिनी. तू गेल्यावर आली. शाळेतली चांगली कायमची नोकरी सोडून आली, आपला पेपर वाचून. बोलत नाही, सारखी कामात, म्हणून सगळे मुंगी म्हणतात. तिचा सगळा प्रबंध त्या पेशींवर आहे. पेशी नाहीत तर प्रबंध नाही.

परवा तिची समिती बसली. अध्यक्ष तेच, आपण ज्यांना घड्याळ म्हणायचो. मनगटाकडे बघत म्हणाले, “पेपर तर छापलेला आहे, जगभर मान्य आहे. म्हणजे या बाईंचा हात बरोबर नाही. मे महिन्यात पेशी दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द करू.” मुंगी खाली मान घालून बसली होती. मी भयंकर चिडले.

माझ्यावर कसला राग असेल तर माझ्यावर काढ. तिच्यावर नको. गेट सांग.

छोटी


६ मार्च

दादा,

उत्तर नाही. नकोच आता. मला कळलं.

गेल्या आठवड्यात एक एन्झाइम संपला. डीएनए खाणारा. कापाकापीत काही पेशी फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर सांडतो, तो चिकट असतो आणि धडधाकट पेशींना एकमेकींना चिकटवतो. ते होऊ नये म्हणून हा एन्झाइम घालायचा. नवी बाटली यायला उशीर होता. मुंगीने डीप फ्रीझरच्या तळातून जुनी शोधून काढली, आपल्या वेळची. वर तुझंच अक्षर. तो फ्रीझर तेव्हा आठवड्यातून एकदा तरी बंद पडायचा आणि तू त्याला लाथ घालायचास, आठवतं? तर आम्ही ती बाटली वापरली आणि यंत्रावर बसलो.

गेट भरलं. ठिपक्यांचा ढीग. पेपरात आहे तस्सा.

मुंगी खुर्चीतून उठून नाचली. तिला नाचताना पहिल्यांदाच बघितलं. मीही टाळ्या वाजवल्या. मग तीच म्हणाली, “ताई, एक थेंब काचेवर घेऊ का? मला त्यांचं तोंड बघायचंय.” मी म्हटलं घे. आधी तिने बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि मला जागा दिली.

दोन-दोन होत्या, दादा. गळ्यात गळा घालून बसलेल्या. एका वाट्याच्या दोन पेशी चिकटलेल्या, अशा सगळीकडे. दोन वाट्यांची एकही मला त्या काचेवर सापडली नाही. एक आणि एक मिळून दोघींचा उजेड दोन वाट्यांचा, आणि यंत्राला फक्त उजेड कळतो.

आपल्या वेळी ती बाटली मेलेलीच होती. बंद पडणाऱ्या फ्रीझरमध्ये कोण जगणार? त्यात तुझा दोष नाही, माझाही नाही. मुंगीचा एन्झाइम ताजा असतो, ती हळुवार गाळते, तिच्या पेशी सुट्या होतात. तिचा हात चांगला आहे म्हणून तिला त्या पेशी मिळत नव्हत्या! आणि हात वाईट म्हणून तिला घरी पाठवायला निघालेत. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

मग मी यंत्राचं ते बटण दाबलं, पेशीला लेसर ओलांडायला किती वेळ लागतो ते दाखवणारं. जोडी लांब असते, तिला जास्त वेळ लागतो. जोड्या गाळ असं यंत्राला सांगितलं तर ढीग गेला. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे ठिपके उरले. त्या बहुधा खऱ्या असाव्यात. त्यांच्याकडे अजून कुणी बघितलेलंच नाही.

हे बटण आपल्या वेळीही त्या यंत्रात होतं.

पेपरात तू लिहिलंस की काचेवर बघितलं आणि प्रत्येक पेशीत एकच केंद्रक दिसलं. खरंच आहे म्हणा. प्रत्येक पेशीत एकच होतं. फक्त पेशी दोन होत्या.

तरी मी असं धरून चालते की तुझी चूक झाली. घाई होती, नोकरीची जाहिरात आली होती, आई आजारी होती. चूक कुणाचीही होते. सोबत पेपर मागे घेण्याचं पत्र जोडलंय. मी सही केली आहे. तुझं नाव टाइप केलंय, त्यावर सही कर आणि पाठव. मासिकाला आपल्या दोघांच्या सह्या लागतात. पेपर मागे घेतला की मुंगीचं अपयश हे अपयश राहत नाही, तोच तिचा निष्कर्ष होतो. घड्याळालाही एवढं कळेल.

एक सही आहे, दादा. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचास तेव्हा किती पटकन करायचास.

छोटी


२७ मार्च

तुला आज दादा म्हणायची इच्छा नाही.

आज दुपारी लॅबमध्ये फोन आला. तुझ्याकडचा विद्यार्थी. गोड आवाजाचा, अदबीने बोलणारा. त्याला उंदराच्या वृषणातल्या गुंतलेल्या नलिका सोडवण्याची माझी पद्धत हवी होती. म्हणाला, “मॅडम, सर म्हणतात नलिका सोडवाव्यात तर तुम्हीच.” मी फुलून गेले. कबूल करते, फुलून गेले. म्हटलं, बघा, मागे तरी माझं नाव घेतो.

मी त्याला सगळं सांगितलं. मग सहज म्हटलं, “आणि जोड्या नीट गाळ हं.”

तो हसला. “ते तर सर पहिल्याच दिवशी शिकवतात मॅडम. जोड्या गाळल्याशिवाय एक आकडाही मान्य करत नाहीत. म्हणतात, जुन्या लॅबमध्ये आम्ही त्यात फसलो होतो.”

मी विचारलं, “तू तिथे कधी आलास?”

तो मुंगीच्या आधी आलाय.

तळपायाची आग मस्तकात गेली. फोन कसा ठेवला आठवत नाही. मुंगी समोर बसून नळ्यांवर नंबर टाकत होती, तिने वर बघितलं आणि विचारलं, “ताई, पाणी देऊ?” मी तिला म्हटलं, “नको, मारायला काहीतरी दे.” तिने पाणीच दिलं.

म्हणजे तुला माहीत होतं! मुंगी इथे पहिला उंदीर हातात घेत होती तेव्हा तुला माहीत होतं. तिच्या नळ्या रिकाम्या येत होत्या, मी तुला मेलवर मेल पाठवत होते, ‘दादा, काय चुकतंय बघ ना’, ते सगळं तू न उघडता ठेवलंस, कारण काय चुकतंय ते तुला माहीत होतं. तुझ्या पोरांना तू खड्डा दाखवून बाजूने न्यायचास आणि माझ्या पोरीला त्यात पडू द्यायचास. तुझ्याकडे सगळं स्वच्छ, नव्या पद्धतीने, नव्या यंत्रावर, आणि इथे तुझा पेपर खरा ठरवायला आम्ही आमचे हात खोटे ठरवत बसलो.

फसलो म्हणे. ‘आम्ही’ म्हणे. नोकरीच्या वेळी मी ‘आम्ही’त नव्हते. तेव्हा ‘माझा पेपर’ होता. चूक निघाली की लगेच आम्ही!

आई गेली तेव्हा तू आलास, सगळ्यांना भेटलास, आणि निघताना मला म्हणालास, “छोटे, थोडं स्थिर झालो की तुला बोलावून घेतो.” मी वाट बघितली. मूर्खासारखी बघितली. त्याचं मला आता काही वाटत नाही. खोटं, वाटतं. पण ते तुझं-माझं आहे. हे नाही.

सही पाठव. विनंती करत नाहीये.


१४ एप्रिल

दादा,

सही नाही आली, निरोप आला. तोही बाबांकडून. वा! कमाल आहे तुझी. मला उत्तर द्यायला तोंड नाही, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या बापाला पुढे केलंस.

जेवताना बाबांनी विषय काढला. ताटात बघत म्हणाले, “दादा म्हणत होता, तू कसलं तरी पत्र मागतेयस. थोडं थांब म्हणाला.”

“किती थोडं?”

“त्याची कायम होण्याची फाईल वर गेलीय. ती एकदा मंजूर झाली की मग करतो म्हणाला. वर्षभरात होईल.”

“मुंगीची बैठक मे महिन्यात आहे, बाबा.”

“ती कोण मुंगी? परकी पोर. हा भाऊ आहे तुझा.”

“म्हणूनच त्याला आधी विचारलं. परक्याला विचारलंच नसतं.”

त्यांनी भात कालवला. मग हळूच म्हणाले, “त्याने म्हटलं तुझीच काहीतरी समजूत चुकलीय. बारीकसारीक गोष्ट आहे.”

मी हातातली वाटी आपटली. फुटली नाही, स्टीलची होती, पण आमटी टेबलक्लॉथवर उडाली आणि बाबा घाबरले. माझ्या वागण्याने बाबा घाबरलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. याचं पाप तुझ्या माथी.

बाबा ज्या खुर्चीत बसतात तिच्यासमोर काय आहे माहीत आहे ना? पेपरातलं पहिलं चित्र. तेच ठिपके, तुझं गेट, गेटात आपला ढीग. दुकान विकलं तेव्हा सगळी हत्यारं दिली, पण त्या चित्राची फ्रेम करण्यासाठी त्यांनी जपून ठेवलेलं सागवान काढलं. जन्मभर लोकांचे लग्नाचे फोटो मढवले, हे एक आपल्या घरासाठी मढवलं. येईल त्याला सांगतात, “आकाशातले तारे नाहीत हे. माझ्या दोन पोरांनी शोधलेलं आहे.” मी त्याच्याखाली बसून रोज चहा पिते. गेला महिनाभर मी मान वर करून चहा प्यायलेली नाही.

बाबांना मी काहीच सांगितलेलं नाही. तू सांग. रविवारी फोन करशील तेव्हा हवापाण्याच्या गप्पा मारण्यापेक्षा हे सांग.

मासिकाला मी विचारलंय. ते म्हणतात, एक लेखक सही करत नसेल तर आम्ही त्याला थेट लिहितो आणि मुदत देतो. तरीही उत्तर आलं नाही तर तसं छापून पेपर मागे घेतो. तुला त्यांचं पत्र आलंच असेल. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. तुझ्या नावापुढे काय छापायचं ते तुझ्या हातात आहे. मला तुझं नाव खराब करायचं नाही. करायचंही आहे. रोज सकाळी एक वाटतं आणि संध्याकाळी दुसरं.

फाईल मंजूर झाल्यावर सही करणारा माणूस चूक सुधारत नसतो रे. तो फक्त सुटलेला असतो.

छोटी


९ मे

दादा,

तुझी सही काल आली.

नोटीस परवा छापली.

त्यात लिहिलंय की पहिल्या लेखकाशी वारंवार संपर्क साधूनही उत्तर आलं नाही. मी लगेच मासिकाला फोन केला, म्हटलं आली हो सही, हे बघा, हातात आहे, ते वाक्य बदला. तिकडची बाई चांगली होती, पण म्हणाली छापलेलं आता बदलत नाही. मी तिच्याशी भांडले. तुझ्यासाठी भांडले! नंतर स्वतःचाच इतका राग आला.

पाकिटात सहीशिवाय काही नव्हतं. एक ओळ नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. सही अजून तशीच आहे तुझी, शेवटी खाली ओढलेली बाबांसारखी रेघ. मी रडले. रागाने रडले, आणि नुसत्या रागानेच नाही. फाईलचं काय झालं मला माहीत नाही. मंजूर झाली म्हणून केलीस, की नामंजूर झाली म्हणून, की कशाचीही वाट न बघता केलीस? तेवढं एक लिहायचं होतंस. तेवढ्यावर मी काय काय माफ केलं असतं ते तुला कळणार नाही.

मुंगीची बैठक आज झाली. तिने आधी पेपरातलं चित्र लावलं, मग शेजारी काचेवरचा फोटो, त्या दोन-दोन पेशी. म्हणाली, “माझ्या नळ्या रिकाम्या येत होत्या, कारण त्या रिकाम्याच यायला हव्या होत्या.” एवढं मोठं वाक्य ती कधी बोलली नव्हती. घड्याळ मनगटाकडे बघायचं विसरले. नोंदणी चालू राहिली. पुढचं काम त्या उरलेल्या थोड्या ठिपक्यांवर. बाहेर येऊन ती जिन्यात बसली. मी शेजारी बसले. तू तिची माफी मागायला हवीस.

घरी आले तर बाबा चित्रासमोर उभे. त्यांना सगळं मी कालच सांगितलं होतं, कारण तू सांगितलं नाहीस. “म्हणजे हे खोटं?” त्यांनी विचारलं होतं.

“खोटं नाही बाबा. चुकलेलं. कळल्यावर गप्प बसला ते खोटं.”

आज मी आल्यावर त्यांनी खुर्चीवर चढून फ्रेम उतरवली. मागचे खिळे एकेक काढले, चित्र बाहेर घेतलं, गुंडाळी करून माझ्या हातात दिली. काच पुसली. रिकामी फ्रेम परत त्याच खिळ्याला टांगली.

“बाबा, रिकामी कशाला?”

“त्या परक्या पोरीचं काही आलं की लावू.” मग हात पुसत म्हणाले, “आणि या रविवारी फोन तू उचलायचा. मी त्याला जेवलास का विचारतो आणि तो हो म्हणतो. एवढंच जमतं आमचं. बाकीचं तुम्ही दोघं बोला.”

तर रविवारी फोन कर. बाबा शेजारीच बसलेले असतील, पण उचलणार नाहीत, त्यांनी मला बजावून सांगितलंय. मी गोड बोलेन असं समजू नकोस. ओरडणार आहे. पत्रांत लिहिलेलं सगळं पुन्हा म्हणणार आहे, आणि न लिहिलेलंही. तू जेवला नसशील तर आधी जेव, वेळ लागेल.

मी फोन कापणार नाही. तूही कापू नकोस.

छोटी